बंद मुलखातला वसंत

लेकीला शाळेच्या कॅम्पला गमबूट हवे होते. मागच्या वर्षीचे तिला होईनात आणि दुकानात जायला वेळ नव्हता, म्हणून मी बागेतल्या शेडमध्ये शिरले. रंगाचे अर्धे डबे, गवत कापायचं गंजलेलं मशीन, फुटक्या कुंड्या, आणि सगळ्यांच्या मागे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले माझे हिरवे बूट. पिशवीची गाठ सोडली आणि वास आला. रबराचा, वाळलेल्या मातीचा, आणि त्या दोन्हींच्या खाली दडून बसलेला जंतुनाशकाचा. फिनेलसारखाच, पण फिनेलपेक्षा गोडसर, घशात उतरणारा. इतक्या वर्षांनी तो उरलेला असणं शक्य नाही, हे मला कळतं. पण मला आला.

“हा बूट कोणाचा आहे?” लेकीनं विचारलं. तिच्या मराठीत बूट कितीही असले तरी एकच असतो.

“माझे.”

“तुझा? तू कधी चिखलात गेला होता?”

तिचा प्रश्न रास्त होता. तिनं मला कायम ट्रामनं ऑफिसला जाताना पाहिलंय, खांद्याला लॅपटॉप, पायात काळे सपाट शूज. मी म्हटलं, “लग्नाच्या आधी मी आणि शैलामावशी एका बंद देशात फिरायला गेलो होतो.”

“कुठे? नॉर्थ कोरियाला?”

“नाही गं. इंग्लंडमध्येच.”

ती हसली आणि बूट पायात घालून घरभर थपथप चालायला लागली. मी मात्र शेडच्या दारातच बसून राहिले.

शैला मला भेटली ती क्रॉयडनला, व्हिसा ऑफिसजवळच्या एका फोटोच्या दुकानात. मी पुण्याहून सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीवर आले होते आणि व्हिसा वाढवायला फोटो हवे होते. स्टुलावर बसले. कॅमेऱ्यामागच्या मुलीनं माझं आडनाव वाचलं आणि चक्क मराठीत म्हणाली, “डोळे उघडा ठेव हां. मिटला तर परत काढावा लागेल.” मी इतकी चमकले, की त्या पहिल्या फोटोत माझं तोंड उघडं आहे. तो फोटो तिनं मला दिला नाही, स्वतःजवळ ठेवला.

ती साउथहॅम्प्टनला जन्मलेली. वडील तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, आई सांगलीची. मराठी आईकडून उचललेलं, आणि आईचं मराठी ती विमानात बसली त्या दिवशी जिथं थांबलं तिथलं. त्यामुळे जीन्स घातलेली, केस बारीक कापलेली ही मुलगी बोलता बोलता “भलतंच काय!” म्हणायची, “इश्श” म्हणायची. लिंगांचा मात्र सगळा गोंधळ. तिच्या मराठीत सूर्य मोठी होती आणि गाडी छोटा. मी सुरुवातीला दुरुस्त करायचे. मग लक्षात आलं, की आपल्याला तिचं बोलणं तसंच ऐकायची सवय झालीय, आणि दुरुस्त केलेलं वाक्य फिकं लागतंय.

आठवडाभर पासपोर्टचे चेहरे, शनिवारी लोकांची लग्नं, आणि रविवारी स्वतःचं काम, असा तिचा क्रम होता. स्वतःचं काम म्हणजे काळेपांढरे फोटो. ते ती भाड्याच्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये, खिडकीला काळं कापड ठोकून, टबवर फळी टाकून धुवायची. मी तेव्हा पुण्यातल्या एका साप्ताहिकासाठी लिहीत असे. संपादकांना उत्तर इंग्लंडच्या डोंगरांतून पायी फिरण्याची लेखमाला हवी होती. “मजकूर तुमचा, फोटो तुमच्या मैत्रिणीचे, जमलं तर पुढे पुस्तक करू,” असं ते फोनवर म्हणाले. त्या हिवाळ्यात तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशे पसरून आम्ही बसायचो. हिरव्या तुटक रेषा म्हणजे पायवाटा. शैला त्यांच्यावरून बोट फिरवायची आणि माझ्या चहाचं वर्तुळ एखाद्या तळ्यावर उमटायचं. रजा मंजूर झाली, राहण्याच्या जागा ठरल्या.

आणि मग तो रोग आला. इथं त्याला काय म्हणतात ते टीव्हीवर दिवसातून शंभरदा ऐकू यायचं. मला आठवला तो आपला शब्द, लाळ्या-खुरकूत. आजोळच्या गोठ्यात ऐकलेला. तिथं जनावराच्या तोंडाला काहीतरी लावायचे, खुरं धुवायचे, चार दिवस घरात चिडचिड असायची आणि मग जनावर उठायचं. इथं तसं नव्हतं. इथं एका शेतात रोग दिसला की अख्खा कळप मारून जाळत होते, आणि शेजारचा निरोगी कळपसुद्धा. पायवाटा बंद झाल्या. डोंगर बंद झाले. ज्या देशात माणसं रविवार आला की चालायला निघतात, त्या देशानं आपला निम्मा नकाशा कुलपात घातला.

ऑफिसमधल्या सगळ्यांनी सांगितलं, रजा मागे घे. माझी बॅग अर्धी भरलेली होती. मी शैलाला फोन केला.

“आता काय करायचं गं?”

“काय म्हणजे? जायचा.”

“अगं, सगळं बंद आहे. चालणार कुठं?”

“बंद आहे म्हणून तर जायचा. उघडा इंग्लंड सगळ्यांनी बघितलाय.”

मी फोन ठेवला आणि उरलेली बॅग भरली. आईच्या शिकवणीप्रमाणे तांदूळ, मुगाची डाळ, मेतकुटाची बरणी आणि तुपाची छोटी बाटलीसुद्धा.

तिच्या निळ्या गाडीचं हीटर एकतर पूर्ण चालू असायचं नाहीतर पूर्ण बंद. आम्ही उत्तरेकडे निघालो तेव्हा पाऊस होता, लँकेस्टरच्या पुढे तो थांबला, आणि मोटरवे सोडून आत वळलो तसा पहिला अडथळा आला. रस्त्याच्या रुंदीभर पसरलेला गवताचा पेंढा, जंतुनाशकात भिजवलेला, काळपट. त्यावरून गाडी सावकाश न्यायची. टायर फसफसले आणि तो गोडसर वास व्हेंटमधून आत आला. पुढे तो वास गाडीचाच झाला. आमच्या केसांचा, सँडविचचा, कॅमेऱ्याच्या पट्ट्याचासुद्धा.

मग पाट्या सुरू झाल्या. प्रत्येक फाटकावर, दगडी भिंतीवरून चढायच्या प्रत्येक पायरीवर, प्लास्टिकमध्ये घातलेला लाल अक्षरांचा कागद आणि आडवी पट्टी. इथून पुढे नाही. आम्ही नियम केला, की डांबर सोडायचं नाही. गवतावर पाऊल टाकायचं नाही. थांबायचं ते रस्त्याच्या कडेला, आणि प्रत्येक गावाच्या तोंडाशी ठेवलेल्या बादलीत बूट बुडवून, दांड्याच्या ब्रशनं तळवे घासायचे. ते हिरवे बूट आम्ही वाटेतल्या एका गावी घेतले. दुकानदार म्हणाला, दिवसभरात तुम्हीच पहिल्या आलात.

मी वसंत तसा त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. पिवळे डॅफोडिल तळ्याच्या काठाला वेड्यासारखे फुललेले, आणि बघायला कुणी नाही. होड्या एकमेकींना बांधून ठेवलेल्या, त्यांच्या बुडाशी पाणी हलकेच टाळ्या वाजवत होतं. चहाच्या दुकानांत खुर्च्या टेबलांवर उलट्या. पक्षी इतक्या मोठ्यांदा गात होते की त्रास व्हावा. खूप वेळानं माझ्या लक्षात आलं, की आवाज वाढलेले नाहीत, बाकीचे कमी झालेत. कुरणं हिरवीगार आणि रिकामी. शेण नाही, घंटा नाही, बें नाही. गवत वाढत चाललं होतं कारण त्याला खायला कोणी उरलं नव्हतं.

आणि टेकडीपलीकडे धूर. तो वास मी एकदाच लिहिते. कोळसा, डिझेल, जुनं लाकूड, आणि जळणारी लोकर. वारा फिरला की गावातली माणसं खिडक्या लावून घ्यायची.

आम्ही उतरलो होतो नोराबाईंकडे. नाव नोरा, ‘बाई’ आम्हीच जोडलेलं, मनातल्या मनात. पासष्टीच्या, उंच, हाडापेराच्या, चेहऱ्यावर वाऱ्यानं लाल झालेले गाल. त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या खोल्या होत्या आणि त्या वसंतात पाहुणे म्हणजे फक्त आम्ही दोघी. दार उघडून त्या आधी पायांकडे बघायच्या, मग चेहऱ्याकडे. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी विचारलं, “तुम्ही वर्तमानपत्रातल्या का?”

“नाही,” मी म्हटलं. “मी लिहिते, पण भारतात. माझ्या भाषेत.”

“मग इथलं कोणी वाचणार नाही ते.”

“नाही.”

“छान,” त्या म्हणाल्या आणि आम्हाला केकचा दुसरा तुकडा वाढला.

त्यांचा भाऊ आर्थर दरीच्या वरच्या टोकाला राहायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, सोबतीला कुत्री आणि चढावरच्या करड्या मेंढ्यांचा कळप. रोग सुरू झाल्यापासून ते फाटकाबाहेर आले नव्हते. नोराबाई एक दिवसाआड गाडी घेऊन जायच्या, पाव-दूध-वर्तमानपत्राची पिशवी फाटकाशी ठेवायच्या, हॉर्न वाजवायच्या आणि परत यायच्या. मांडीचं हाड दुखत असल्यानं त्यांना गाडी चालवणं जड जात होतं. तिसऱ्या की चौथ्या सकाळी शैला म्हणाली, “पिशवी आम्ही नेतो.”

फाटकाशी पोचून हॉर्न दिला, तर वरून एक माणूस सावकाश उतरत आला आणि फाटकापासून बराच लांब थांबला. डोक्याला चपटी टोपी, दोरीनं बांधलेला कोट. आम्ही एकमेकांशी ओरडूनच बोललो. त्यांचं इंग्रजी आम्हा दोघींना निम्मंच कळायचं, आणि शैलाचा जन्म या देशातला असल्यानं तिला त्याचा जास्त राग यायचा.

“नोरानं सांगितलं, एक लिहिते आणि एक फोटो काढते,” ते म्हणाले. “फोटोवाली कोण?”

शैलानं हात वर केला, शाळेत करतात तसा.

“कशाचे काढलेस?”

“रस्त्यांचे. पाट्यांचे. फाटकांचे.”

“मेंढ्यांचे?”

“मेंढ्या दिसल्याच नाहीत कुठं.”

त्यांनी मान मागे, कुरणाकडे वळवली. “माझ्याकडे आहेत,” म्हणाले. “परवापर्यंत.”

शेजारच्या शेतात रोग निघाला होता. आर्थरच्या एकाही मेंढीला काही झालेलं नव्हतं, पण ते शेजारी होते. परवा माणसं येणार होती. मेंढ्या गाभण होत्या, पिल्लं व्हायची म्हणून डोंगरावरून खाली, रस्त्यालगतच्या कुरणात आणून ठेवलेल्या. “उद्या सकाळी मी त्यांना भिंतीशी आणतो,” आर्थर म्हणाले. “तू रस्त्यावर उभी राहा. भिंत ओलांडायची नाही. चालेल?”

“चालेल,” शैला म्हणाली.

घरी पोचलो तर तिच्यासाठी निरोप होता. लंडनच्या एका दैनिकाच्या फोटो-संपादकाचा. तिनं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की ती या भागात आहे. पलीकडच्या दरीत उद्या सकाळी मोठं सरण पेटणार होतं, त्याचे फोटो त्याला हवे होते. पहिल्या पानासाठी. निरोपाचा कागद हातात धरून शैला माझ्याकडे बघत राहिली. वर्षानुवर्षं लोकांची हनुवटी वर करायला सांगणाऱ्या मुलीला असा फोन रोज येत नाही.

“तू जा तिकडे,” मी म्हटलं. “खरंच सांगते. मी आर्थरना फोन करते, दुपारी आणा म्हणून सांगते.”

“दुपारी उजेड चांगला नसतो.”

“शैला, पहिलं पान आहे.”

“कळतंय मला.” ती खिडकीशी गेली. “त्या जाळाचा फोटो दहा लोक काढणार आहे. ह्या मेंढ्यांचा कोणी नाही काढणार. मी नाही गेला तर पहिला पान रिकामा राहणार आहे का?”

“नाही.”

“मग झालं तर,” ती म्हणाली, आणि खाली जाऊन नोराबाईंच्या फोनवरून त्या माणसाला नाही म्हणून आली. तिचा आवाज अजिबात कापला नाही. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. मला तिचा हेवा वाटला. आपल्याला काय करायचंय हे इतकं स्वच्छ माहीत असलेलं माणूस मी त्याआधी जवळून पाहिलं नव्हतं.

ती सकाळ कोरडी आणि थंड होती. भिंत कमरेइतकी, रचलेल्या दगडांची, फटींतून शेवाळ. आर्थर कुत्रीला शिट्टी घालत होते, लांब आणि तुटक, आणि मेंढ्या एकमेकींना घासत भिंतीकडे येत होत्या. करड्या अंगाच्या, पांढऱ्या तोंडाच्या, आखूड पायांच्या, पोटं खाली आलेली. पाठीवर लाल रंगाचा फराटा, ही आर्थरची खूण. अशा मेंढ्यांचं पिल्लू काळंभोर जन्मतं आणि वर्षावर्षानं उजळत जातं, हे त्यांनी आम्हाला भिंतीपलीकडून सांगितलं. त्यांच्या लोकरीचा वास तेलकट आणि उबदार होता, जुन्या घोंगडीसारखा. शैला एकेका मेंढीसमोर थांबत होती, पासपोर्टचा फोटो काढावा तशी. आणि मध्येच मी ऐकलं, ती हळू आवाजात म्हणत होती, “इकडे बघ. डोळे उघडा ठेव.”

मी आर्थरना विचारलं, “उन्हाळ्यात या वर डोंगरावर असतात, तर तिथं कुंपण कुठंय? मला तर काहीच दिसत नाही.”

“नाहीच आहे.”

“मग शेजाऱ्याच्या डोंगरावर जात नाहीत?”

“नाहीत. तो ओढा दिसतोय ना? तिथपर्यंत आपलं. आणि वर त्या कड्यापर्यंत.”

“त्यांना कसं कळतं?”

“आईबरोबर हिंडतात पहिला उन्हाळा. आई जिथून वळते तिथून पोर वळतं. तिला तिच्या आईनं दाखवलेलं असतं.” त्यांनी टोपी काढून परत घातली. “माझ्या आजोबांच्या आधीपासून चाललंय हे. मी काही शिकवलेलं नाही त्यांना.”

दुसऱ्या दिवशी काय जाणार होतं ते आता मला कळलं. मेंढ्या विकत मिळतात. ओढ्यापाशी वळणं विकत मिळत नाही.

माणसं आली त्या दिवशी आम्ही घरातच होतो. नोराबाईंनी पडदे ओढले, रेडिओ लावला आणि पीठ मळायला घेतलं. आवाज यायचे ते फार बारीक, कुणी लांब कुठंतरी फळ्या आपटतंय असे. प्रत्येक आवाजाला त्यांचा हात पिठात थांबायचा आणि परत चालू लागायचा. दुपारपर्यंत त्यांनी इतका पाव भाजला की ठेवायला जागा उरली नाही, आणि त्यातला एक घासही त्यांच्यानं खाववेना.

मी उठले आणि माझी डाळ-तांदळाची पिशवी काढली. आमच्या घरी आजारपणात, दुखवट्यात, प्रवासातून आल्यावर जे होतं तेच केलं. मऊ भात, वर मेतकूट, तुपाची धार. त्या परक्या स्वयंपाकघरात भात शिजल्याचा वास पसरला तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. नोराबाईंनी चमच्याचं टोक तोंडात घातलं. “साखर विसरलीस,” म्हणाल्या, कारण त्यांच्याकडे मऊ भात म्हणजे दूध-साखरेचाच. मग अख्खी वाटी संपवली.

एक डबा भरून आम्ही आर्थरच्या फाटकाशी ठेवला आणि हॉर्न वाजवला. ते आले नाहीत. कुत्री तेवढी येऊन बघून गेली. संध्याकाळी नोराबाईंना त्यांचा फोन आला. त्या ऐकत राहिल्या, हं हं म्हणाल्या आणि फोन ठेवून आमच्याकडे वळल्या. “म्हणतोय, डब्यातलं खाल्लं. काय होतं ते विचारतोय.”

“मऊ भात,” मी म्हटलं.

“माऊबात,” त्या म्हणाल्या. पुढे तेच नाव त्या घरात कायम झालं.

लंडनला परतलो तेव्हा दैनिकाच्या पहिल्या पानावर दुसऱ्या कुणाचा तरी जाळ येऊन गेला होता. शैलानं तो पेपर घेतला, नीट पाहिला, “चांगला आहे,” म्हणाली आणि घडी घालून बाजूला ठेवला. मग ती दोन आठवडे बाथरूममधून बाहेर पडली नाही असं म्हटलं तरी चालेल. मी ऑफिस सुटलं की ट्रामनं तिच्याकडे जायचे. लाल दिव्याखाली ट्रेमधल्या पाण्यात कोरा कागद हलत असायचा, आणि मग त्यावर आधी डोळे उमटायचे. आधी नेहमी डोळे. दोरीवर चिमट्यांनी टांगलेल्या त्या सगळ्याजणी ठिबकत आमच्याकडे बघायच्या आणि आम्ही खाली फरशीवर बसून टोस्ट खायचो.

मी लेखमाला लिहिली, पायी फिरण्याची नव्हे, न फिरता आलेल्या डोंगरांची. संपादक आधी कुरकुरले, मग त्यांनी ती तशीच छापली. शैलाचे फोटो आधी एका लायब्ररीच्या हॉलमध्ये लागले, तिथून मोठ्या गॅलरीत गेले, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तिनं पासपोर्टच्या दुकानाला रामराम ठोकला. पण पहिला संच गेला तो आर्थरकडे. त्यांचं उत्तर आलं नाही. नोराबाईंनी कळवलं, की सगळे फोटो त्यानं जिन्याच्या भिंतीला लावलेत आणि वर-खाली करताना तो त्यांच्याशी बोलतो.

ती वर्षं आता आठवली की मला त्यातला उजेडच जास्त आठवतो. आमच्याकडे फारसं काही नव्हतं. तिच्या गाडीचं हीटर, माझं व्हिसावर वर्षावर्षानं वाढणारं राहणं, भाड्याची घरं. पण आम्हाला वाटायचं की आपण जे करतोय ते नीट करतोय. इतकी खात्री त्यानंतर मला क्वचितच वाटली.

मेंढ्या गेल्या त्याच्या पुढच्या वसंतात आर्थरचा फोन आला. थेट मला, ऑफिसात. फोनवर त्यांचं इंग्रजी आणखीच कळेनासं व्हायचं.

“नव्या मेंढ्या आल्यात,” ते म्हणाले. “वरच्या दरीतल्या एकानं दिल्या. त्याच्या वाचल्या.”

“अरे वा!”

“वा कसलं. त्यांना इथलं काही माहीत नाही. सोडल्या की पळतात, पार दुसऱ्या जिल्ह्यात. माणसं लागणार आहेत, ओढ्यावर उभी राहायला. तुम्ही दोघी रिकाम्या आहात का?”

रिकाम्या नव्हतो. पण आम्ही गेलो.

त्या फाटकाची कडी आर्थरनी स्वतः काढली. आम्ही पहिल्यांदाच डांबर सोडून गवतावर पाय ठेवला, आणि शैला जागच्या जागी उड्या मारून म्हणाली, “किती मऊ आहे हा!” मग वर चढायचं, कळपाच्या मागे मागे, आणि आपापल्या जागी उभं राहायचं. मी ओढ्याच्या खालच्या वळणावर, शैला वरच्या, आर्थर आणि कुत्री कड्याजवळ. दिवसभर काम एकच. मेंढी ओढ्याकडे आली की हात पसरून तिला मागे वळवायचं. पाऊस यायचा, ऊन यायचं, पुन्हा पाऊस. वाऱ्यानं कान बधिर व्हायचे. मी सँडविच एका हातात धरून खायचे, कारण दुसरा पसरलेला.

पहिल्या दिवशी एक आडदांड मेंढी सरळ शैलाच्या अंगावर आली. इंग्रजीत काय ओरडायचं ते तिला सुचेना. तिनं दोन्ही हात वर केले आणि सांगलीच्या आवाजात ओरडली, “हट्! हट्! भलतंच काय! मागे हो!” मेंढी थबकली आणि वळली. कड्यावरून आर्थरचं हसणं खाली आलं, पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी तेही “हट्” म्हणायला लागले. कुत्रीला मात्र ते पटलं नाही.

आम्ही त्या वर्षी गेलो आणि पुढची काही वर्षं जातच राहिलो. वसंतातली रजा म्हणजे ओढा, हे ठरूनच गेलं. माझं लग्न झालं त्या वर्षी नवऱ्यालाही नेलं. तो आयटीतला माणूस, कड्याजवळ छत्री घेऊन उभा राहिला आणि छत्री शेजारच्या दरीत गेली. नोराबाईंची मांडी दुरुस्त झाली, त्या चहाचा थर्मास घेऊन वर यायला लागल्या. कळपात काळी पिल्लं झाली, त्यांची करडी झाली, त्यांना पुन्हा काळी झाली. आर्थरनी एकदा आम्हा दोघींच्या कोटाच्या पाठीवर मेंढ्यांचा तो लाल रंग फासला. तो धुतल्यानं जात नाही. शैला आज ग्लासगोला असते, मोठी फोटोग्राफर आहे, पण तो कोट तिनं टाकलेला नाही.

मला सांगायची आहे ती एक दुपार. लेकीच्या जन्माच्या आधीच्या वसंतातली. मी पोटुशी होते, म्हणून आर्थरनी मला उभं राहायला साफ मनाई केली होती. मी त्यांच्या शेजारी उंचावर, दगडाला टेकून होते, आणि माझी ओढ्यावरची जागा रिकामी होती. शैला वरच्या वळणावरून आमच्याकडे चालत येत होती. तेवढ्यात एक मेंढी चरत चरत ओढ्याकडे निघाली, मागे तिचं काळं पिल्लू. ही त्याच डोंगरावर जन्मलेली मेंढी होती. शैला धावायला लागली. आर्थरनी हात वर करून तिला थांबवलं.

मेंढी पाण्यापर्यंत गेली. पलीकडे गवत चांगलं होतं, इकडच्यापेक्षा चांगलं. तिनं मान वर केली. अडवायला कोणी नव्हतं. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग, काही विशेष न घडल्यासारखी, काठाकाठानं वळली. पिल्लू मात्र दगडावरून उडी मारून पलीकडे गेलं होतं. मेंढीनं मागे न बघता एकदाच हाक दिली. जाड, खर्जातली. पिल्लू पाण्यातून धडपडत परत आलं आणि तिच्या पोटाखाली घुसलं.

शैला चढून आमच्यापाशी पोचली होती. धापा टाकत, गुडघ्यांवर हात ठेवून. 

आर्थर इतकी वर्षं त्या डोंगरावर मला दिसले ते उभेच. काठीवर वाकलेले, कड्याला टेकलेले, पण उभे. त्यांनी काठी गवतावर आडवी ठेवली, कोट सारखा केला आणि खाली बसले. पाय लांब केले. टोपी काढून बाजूला ठेवली.

“बसा,” ते म्हणाले.

आम्ही बसलो.